'ओके' म्हणजे काय?



"उद्या लवकर ये हं!" "ओके!" हा शब्द आता शेतात, बाजारात, एसटीत सगळीकडे ऐकू येतो. ट्रकच्या मागेसुद्धा दिसतो. आपण तर त्याचे 'ओक्के' करून टाकले. पण तो आला कुठून?

हा शब्द अमेरिकेतला. तिथल्या बोस्टन शहरातील एका वर्तमानपत्रात २३ मार्च १८३९ रोजी तो छापून आला. त्या काळी तिथे मुद्दाम चुकीचे स्पेलिंग करून त्याची नुसती पहिली अक्षरे लिहायची गंमत चालली होती. 'ऑल करेक्ट' म्हणजे सगळे बरोबर. त्याची खरी पहिली अक्षरे ए आणि सी. गमतीने ती ओ आणि के केली. म्हणजे बघा, 'सगळे बरोबर' सांगणारा शब्दच मुळात चुकीचा लिहिलेला!

पुढे १८४० साली तिथले अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्यूरन पुन्हा निवडणुकीला उभे राहिले. त्यांचे गाव किंडरहूक, म्हणून त्यांना 'ओल्ड किंडरहूक' म्हणत. त्याचीही अक्षरे ओ, के! त्यांच्या माणसांनी 'ओके' नावाची मंडळे काढली. ते निवडणूक हरले, पण शब्द टिकला.

आपण तो चार तऱ्हांनी वापरतो.

१) चालेल : "खेळायला जाऊ या?" "ओके."
२) ठीक : "पडलास ना रे, लागलं का?" "नाही, ओके आहे."
३) बेताचे : "चित्र कसं झालंय?" "ओके आहे." म्हणजे फार छान नाही!
४) समजले : "आधी हातचा धरायचा." "ओके, बाई."

हा चौथा अर्थ जपून वापरावा. बाईंनी "समजलं का?" विचारले की आपण सगळे एका सुरात "ओके" म्हणतो. मग कुणाला समजले नाही, ते बाईंना कसे कळणार? अडले तर "बाई, परत सांगा" म्हणावे. त्यात लाज कसली?

पालकांनाही एक विनंती. मोबाईलवर 'ओके' लिहिलेले बटण येते. ते दाबणे म्हणजे बहुतेक वेळा 'मला मान्य आहे' असे सांगणे. कागदावर अंगठा उठवण्याआधी तो आपण वाचून घेतो ना? तसेच बटणाच्या वर काय लिहिले आहे, ते आधी नीट वाचा. वाचता येत नसेल तर आम्हाला हाक मारा. आम्हालाही उमगले नाही तर जाणत्या माणसाला विचारू, आणि मगच ओके दाबू.