बारावीनंतर जीवशास्त्र : करी रोडच्या मुलांनी कोणती वाट धरावी?

करी रोड स्टेशनातून बाहेर पडून परळच्या दिशेने चालू लागले की अर्ध्या तासाच्या आत केईएम, टाटा, वाडिया, हाफकिन आणि पशुवैद्यकीय महाविद्यालय एवढ्या संस्था वाटेत येतात. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, १८९७ च्या जानेवारीत वाल्देमार हाफकिन यांनी आपली लस आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली आणि १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ चे, केईएम १९२६ चे, टाटा १९४१ चे. जीवशास्त्राची एवढी मोठी पेठ आमच्या दारात शंभर-सव्वाशे वर्षे भरली आहे. पण या इमारतींत आमची माणसे गेली ती कशी? झाडू, बादली आणि स्ट्रेचर घेऊन. आमच्या आयाबहिणींनी वॉर्डातल्या चादरी बदलल्या, आमच्या चुलत्यांनी प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळ्या धुतल्या. त्या नळीत काय होते हे विचारण्याचा अधिकार मात्र दुसऱ्याच आळीतून येणाऱ्यांचा होता.

हे आठवण्याचे कारण गेल्या मे महिन्यात घडले. बारावीचा निकाल लागून चार-पाच दिवस झाले होते. आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराच्या अभ्यासिकेत एक ताई मुलीला घेऊन आल्या. ताई परळच्या एका रुग्णालयात आया आहेत, नवरा गिरणी बंद पडल्यानंतर वाढलेल्या पिढीतला, वॉचमन. मुलीला बारावी विज्ञानला ६१ टक्के. नीटमध्ये गुण पडले नाहीत. ताई म्हणाल्या, "दादा, हिची डॉक्टरकी तर गेली. आता हिला कॉमर्सला टाकू का?" मुलगी हळूच म्हणाली, "मला बायोटेक करायचंय." का, असे विचारले तर म्हणाली, "नाव चांगलंय."

वाचकहो, हसू नका. आपल्या घराघरांत विज्ञान शाखेचा अर्थ एकच आहे, डॉक्टर किंवा इंजिनियर. तो नंबर लागला नाही की मूल नापास झाल्यासारखे घरात वावरते. मधल्या शंभर वाटा कोणी सांगतच नाही. प्रस्थापितांच्या घरात काका प्राध्यापक असतो, मावशी संशोधक असते, जेवता जेवता मुलाला सगळे कळते. आमच्या मुलाला ते प्रवेशाच्या खिडकीवर कळते, आणि तेही अर्धवट.

तेव्हा आधी सरळ गोष्टी सांगू. मुंबई विद्यापीठाच्या महाविद्यालयांत बी.एस्सी.ला प्रवेश घ्यायला नीट लागत नाही. बारावी विज्ञान उत्तीर्ण पाहिजे, जीवशास्त्राचे विषय घ्यायचे तर बारावीला जीवशास्त्र पाहिजे, आणि प्रवेश बारावीच्या गुणांवर यादी लावून होतो. मात्र महाविद्यालयाचा अर्ज भरण्याआधी विद्यापीठाची ऑनलाइन प्रवेशपूर्व नोंदणी करावी लागते. ती झाली नसेल तर महाविद्यालयाचा अर्ज पुढे सरकत नाही. दरवर्षी आपली काही मुले इथेच मागे राहतात, कारण निकालानंतर ती पंधरा दिवस गावी गेलेली असतात. नोंदणी एकदाच, पण अर्ज प्रत्येक महाविद्यालयाचा वेगळा. एका ठिकाणी अर्ज टाकून घरी बसणे म्हणजे एकाच स्टॉपवर एकाच बसची वाट पाहणे. आणखी एक. एल्फिन्स्टन महाविद्यालय आणि विज्ञान संस्था आता मुंबई विद्यापीठात नाहीत, २०१९ पासून त्या डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठाखाली गेल्या आहेत. त्यांची चौकशी वेगळी करावी लागेल. ज्या एल्फिन्स्टनमधून बाबासाहेब १९१२ साली बी.ए. झाले, ते मुलांच्या यादीतून केवळ माहिती नाही म्हणून गळू नये.

आता विषयांचे. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायनशास्त्र, जीवविज्ञान म्हणजे लाइफ सायन्सेस, आणि जैवतंत्रज्ञान म्हणजे ते बायोटेक. सगळे विषय सगळीकडे नसतात. माटुंग्याच्या रुईयामध्ये किंवा धोबीतलावच्या सेंट झेवियर्समध्ये यांतले बरेच मिळतात, लहान महाविद्यालयात एखाद-दुसराच. जुन्या पद्धतीत पहिल्या वर्षी तीन विषय घेऊन तिसऱ्या वर्षी एक किंवा दोनवर यायचे असे. आता नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे, जे संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाले, एक मुख्य विषय, एक गौण विषय आणि सोबत कौशल्याचे वगैरे बरेच काही आहे. नावे बदलली तरी मुद्दा तोच राहतो. सतराव्या वर्षी खिडकीवर उभे राहून जो विषय निवडला, त्याने पुढची दारे उघडतात किंवा बंद होतात.

उदाहरण घ्या. अन्न व औषध प्रशासनात अन्न सुरक्षा अधिकारी हे सरकारी पद आहे. त्यासाठी कोणती पदवी चालते, हे केंद्राच्या २०११ च्या नियमांत लिहिले आहे. त्यात अन्न तंत्रज्ञान, दुग्ध तंत्रज्ञान, कृषी, पशुवैद्यक, वैद्यक यांच्यासोबत जैवतंत्रज्ञान, जीवरसायनशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र यांची पदवी आहे. नुसते प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र त्यात नाही. म्हणजे एकाच महाविद्यालयात एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलींपैकी एक या परीक्षेला बसू शकते आणि दुसरी नाही. हे त्या दुसरीला पदवी हातात आल्यावर कळते. उलट, राज्याच्या वनसेवेच्या परीक्षेला वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र चालते. तेव्हा विषय वाईट कुठलाच नाही, पण कशासाठी घेतो हे आधी ठाऊक पाहिजे. (प्राणिशास्त्राला नाक मुरडणाऱ्या आयांसाठी सांगतो, बेडूक कापण्याचे दिवस गेले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये प्राण्यांचे विच्छेदन बंद करण्यास सांगितले.)

आणखी एक गैरसमज. बी.एस्सी. आणि त्यावर लॅबचा डिप्लोमा केला की स्वतःची पॅथॉलॉजी टाकता येते असे वस्तीत सर्रास सांगितले जाते. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीत पदव्युत्तर असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच चालेल. तंत्रज्ञाची नोकरी आहे, चांगली आहे, पण कर्ज काढून लॅब टाकण्याचे स्वप्न कोणी विकत असेल तर दोनदा विचार करा.

नीटचे गुण कमी पडले म्हणून तो कागद फाडू नका. पशुवैद्यकाच्या पदवीचा प्रवेश नीटच्या गुणांवरच होतो, तिथे १३ टक्के जागा अनुसूचित जातीच्या आहेत, आणि ते महाविद्यालय तर परळलाच आहे. करी रोडची किती मुले तिथे अर्ज भरतात? गुरांचा डॉक्टर म्हणजे खेड्यातले काम, असे आपणच ठरवून बसलो आहोत. गावात मेलेले ढोर ओढण्याचे काम ज्या समाजाच्या माथी मारले होते, त्या समाजाच्या मुलाने जिवंत जनावराचा डॉक्टर व्हावे, याला आम्ही तरी छोटी गोष्ट मानत नाही.

ज्याला संशोधनच करायचे आहे त्याच्यासाठी कलिनाच्या विद्यानगरीत २००७ पासून मुंबई विद्यापीठ आणि अणुऊर्जा विभाग यांचे मूलभूत विज्ञानाचे केंद्र आहे. तिथे बारावीनंतर पाच वर्षांची एकात्मिक एम.एस्सी. करता येते, जीवशास्त्रातही. प्रवेश 'नेस्ट' या परीक्षेतून होतो. बारावीला ६० टक्के, अनुसूचित जाती-जमातीला ५५ टक्के लागतात. पण याचा अर्ज बारावीच्या निकालाची वाट पाहत नाही, तो आधीच भरावा लागतो. आमच्या त्या मुलीला ६१ टक्के होते, अट पुरी होत होती, परीक्षेचे नावच तिने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. हा दोष तिचा नाही. अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत तिला हे कोणी सांगितले नाही, त्यांत आम्हीही आलो. जयंतीच्या मिरवणुकीला डीजेवर होणारा खर्च पाहा आणि एका फलकावर या चार परीक्षांची नावे लिहायला किती लागले असते ते पाहा. असो.

आता पैशाचे, कारण घोडे तिथेच अडते. ही मुलगी एका महाविद्यालयात गेली. पहिल्या यादीत नाव नाही. खिडकीवरच्या माणसाने सांगितले, "साध्या बी.एस्सी.च्या जागा भरत आल्यात. बायोटेक मिळेल, आत्ता पूर्ण फी भरा, स्कॉलरशिप आली की बघू." ताईंनी सोनाराकडे जायची तयारी केली होती. या एका वाक्यात आमच्या कितीतरी मुलांचे शिक्षण संपले आहे. अनुदानित तुकडी आणि विनाअनुदानित तुकडी यांतला फरक पालकांना माहीत नसतो. वनस्पती, प्राणी, रसायन हे जुने विषय बहुधा अनुदानित आहेत, फी कमी. बायोटेकसारखे नवे अभ्यासक्रम बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित, फी कितीतरी पट. नाव चांगले असते ते फुकट नसते. आमचे मत विचाराल तर अनुदानित तुकडीत सूक्ष्मजीवशास्त्र मिळत असेल तर बायोटेकच्या मागे कर्ज काढू नये. एम.एस्सी.ला जैवतंत्रज्ञानाकडे वळण्याची वाट पुढे राहतेच.

आणि आधी फी भरा हे सांगणे कितपत बरोबर? अनुसूचित जातीच्या ज्या विद्यार्थ्याच्या पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे, त्याला भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे; त्यावर उत्पन्न असेल तर राज्याची शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची योजना आहे. दोन्हींचे अर्ज महाडीबीटीवर. केंद्राच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत तर 'फ्रीशिप कार्ड' सांगितले आहे, ते दाखवून आगाऊ फी न भरता प्रवेश मिळावा म्हणून. तेव्हा खिडकीवर तोंडी बोलू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, प्राचार्यांना भेटा, तरीही ऐकले नाही तर समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे जा. मात्र दुसरी बाजूही सांगतो. शिष्यवृत्तीचे पैसे आता विद्यार्थ्याच्या खात्यात येतात आणि त्यांतली फी महाविद्यालयाला भरायची असते. ते पैसे घरच्या लग्नात खर्च झाल्याची प्रकरणे आम्ही पाहिली आहेत. मग तिसऱ्या वर्षी महाविद्यालय निकाल अडवते आणि आपण मोर्चा काढतो.

अल्पसंख्याक महाविद्यालयांबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. २००५ च्या ९३ व्या घटनादुरुस्तीने १५(५) हे कलम आले, खाजगी संस्थांतही आरक्षणाची वाट झाली, पण अल्पसंख्याक संस्था तिच्यातून वगळल्या. दक्षिण मुंबईतली बरीच नामवंत महाविद्यालये धार्मिक किंवा भाषिक अल्पसंख्याक आहेत. तिथे आपल्या राखीव जागा असतील असे गृहीत धरून एकच अर्ज टाकणाऱ्या मुलाचा जून महिना फुकट जातो. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, ते कला आणि विज्ञान अशा दोन्ही शाखांचे. विज्ञान शाखा महाग असते, प्रयोगशाळा लागते, हे त्यांना ठाऊक नव्हते काय? तरी ती काढली.

नव्या धोरणातल्या एका गोष्टीची आम्हाला भीती वाटते. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडलात तर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी, चौथ्यानंतर ऑनर्स. कागदावर छान दिसते. पण बाहेर कोण पडणार? ज्याच्या घरी बाप आजारी पडला तो पडणार. पूर्वी त्याला गळती म्हणत आणि सरकारला उत्तर द्यावे लागे. आता त्याच्या हातात एक कागद दिला जाईल आणि गळतीचा आकडा कमी दिसेल. जीवशास्त्राच्या एका वर्षाच्या प्रमाणपत्रावर कोणती प्रयोगशाळा नोकरी देणार आहे, हे कोणी सांगेल का? आणि संशोधनाकडे जाणाऱ्याला चौथे वर्ष महत्त्वाचे, कारण २०२२ च्या नियमांप्रमाणे चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर थेट पीएच.डी.ला अर्ज करता येतो, अनुसूचित जाती-जमातीला त्यात पाच टक्के सवलत आहे. ज्याला घरची चूल पेटवायची आहे तो हे चौथे वर्ष कसे काढणार?

शेवटी आम्ही ताईंना कागद विचारले. गुणपत्रिका होती, उत्पन्नाचा दाखला होता. जातीचा दाखला? नवऱ्याचाही नव्हता, कधी लागलाच नव्हता. महाविद्यालयाने दाखला नसेल तर खुल्या प्रवर्गात धरू असे सांगितलेले. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख धरतात, त्याआधी घराणे कुठे होते त्याचा पुरावा मागतात. घरात सगळे बौद्ध, शाळेच्या दाखल्यावरही बौद्ध. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, पण केंद्राच्या नमुन्यातल्या दाखल्यावर पूर्वीची जात यावी लागते, आणि ती आजोबांच्या कागदात असते. हिचे आजोबा साताऱ्याकडून गिरणीत आलेले, चौथी गावातच शिकलेले.

सोमवारी ताईंनी रजा टाकली आणि त्या एसटीने गावी गेल्या. शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरात सासऱ्यांचे नाव सापडले, जातीच्या रकान्यासकट. हेडमास्तरांनी उतारा दिला. परत आल्यावर रात्री त्या विहारात आल्या, उतारा प्लास्टिकच्या पिशवीत घालून पदराखाली धरलेला. दुसरी यादी गुरुवारी लागणार होती. मुलीने अर्जात विषयाच्या रकान्यात बायोटेक खोडून सूक्ष्मजीवशास्त्र लिहिले होते, आणि आम्हाला विचारत होती की हाफकिनमध्ये आत जाऊन बघायला मिळते का.