वडील हयात आहेत का?

फेब्रुवारी २०२३ मध्ये राज्य सरकारने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस या दोन्ही पदांसाठी किमान बारावी उत्तीर्ण असण्याची अट घातली. त्याआधी सेविकेला दहावी आणि मदतनिसाला सातवी पुरत असे. पोलीस पाटलाला दहावी लागते. १ जानेवारी १९९५ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला सरपंच व्हायचे असेल तर २०१७ पासून सातवी पास असावे लागते. कल्याण-नगर रस्त्यावर माळशेज घाटाच्या अलीकडे असलेल्या, जुन्नर तालुक्यातल्या डिंगोऱ्यात आणि त्याच्या पश्चिमेकडच्या महादेव कोळी, ठाकर वाड्यांमध्ये गाव न सोडता मिळणारी मानधनाची आणि मानाची कामे बोटांवर मोजण्याइतकीच आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांच्या दारात आता मार्कलिस्ट मागितली जाते. अट घालण्याला माझा विरोध नाही. लहान मुलांना शिकवणारी बाई शिकलेली असावी, हे कोण नाकारेल? प्रश्न पुढचा आहे. नववीत शाळा सुटलेल्या अठ्ठावीस वर्षांच्या बाईने खासगी परीक्षार्थींसाठीचा सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी दिली, मग नियमाप्रमाणे दोन वर्षे थांबून बारावी दिली, तर ती एकतिशीत पोचते. अंगणवाडीची वयोमर्यादा पस्तीस, विधवेला चाळीस. म्हणजे पस्तिशीआधी तिच्या हाती जेमतेम चार वर्षे उरतात. या तीन वर्षांत सरकारी मदतीचा कोणता अर्ज तिच्या हाती येतो, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

प्रौढांनी शिकावे ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. १८५५ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात राहत्या घरी शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली होती. शिष्यवृत्तीचा इतिहासही फक्त मुलांचा नाही. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेलेले आंबेडकर बावीस वर्षांचे, विवाहित आणि नुकतेच पितृछत्र हरपलेले होते. १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. मधली तीन वर्षे बडोद्याची नोकरी आणि मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजातली प्राध्यापकी यांत गेली. १९२० मध्ये साठवलेले पैसे, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडचे पाच हजारांचे कर्ज घेऊन ते पुन्हा लंडनला गेले, तेव्हा ते एकोणतीस वर्षांचे होते. हे जमले याचे एक साधे कारण असे की चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा विद्यापीठाने आधीच दिली होती. आजच्या सरकारी भाषेत तो तीन वर्षांचा ‘गॅप’ झाला असता.

१९४४ मध्ये, आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. सुरुवातीची तरतूद वर्षाला तीन लाखांची होती. पुढे ती अनुसूचित जमातींना लागू झाली, आणि कॉलेजात जाणाऱ्या पहिल्या पिढ्या तिच्यावरच उभ्या राहिल्या. १९५९ मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीत आर्थिकदृष्ट्या मागासांसाठी ई.बी.सी. सवलत आली. पालकांचे वार्षिक उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर फी माफ. या दोन योजनांनी महाराष्ट्राचे जे भले केले त्याबद्दल वाद नाही. पण त्यांनी विद्यार्थ्याची एक मूर्तीही घडवली: शाळेतून थेट कॉलेजात आलेला, बापाच्या घरात राहणारा, बापाच्या कमाईवर जोखला जाणारा मुलगा.

त्याच काळात दुसरी वाटही निघाली होती. १९५८ मध्ये केंद्रीय समाजकल्याण मंडळाने प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त अभ्यासक्रम सुरू केले. मंडळाच्या अध्यक्ष दुर्गाबाई देशमुख स्वतः बालविवाहातून बाहेर पडून उशिरा मॅट्रिक झालेल्या. खेड्यापाड्यांत ग्रामसेविका, परिचारिका, बालसेविका नेमायच्या होत्या आणि पात्रतेच्या बायका मिळत नव्हत्या. तेव्हा सरकारने अट खाली आणली नाही, आणि बायकांना तुमचे तुम्ही बघा असेही सांगितले नाही. शाळा सुटलेल्या बाईला दोन वर्षांत परीक्षेपर्यंत नेण्यासाठी स्वयंसेवी संस्थांना अनुदान दिले. पात्रता मागणारा आणि ती मिळवून देणारा हात एकच होता. मला या सगळ्या मागोव्यात ही योजना सर्वांत शहाणी वाटते, आणि तीच सर्वांत कमी लक्षात राहिली. मंडळही २०२२ मध्ये गुंडाळले गेले.

मधल्या काळात प्रौढांसाठी मोहिमांवर मोहिमा झाल्या. १९५९ ची साताऱ्याची ग्रामशिक्षण मोहीम, २ ऑक्टोबर १९७८ चा राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम, १९८८ चे साक्षरता मिशन, आणि आता २०२२ ते २०२७ चा ‘उल्लास’. या सगळ्यांचा भर सही, अंक, वाचन यांवर. माळशेज उतरून मुरबाड तालुक्यात गेले की फांगणे लागते. तिथली २०१६ ची आजीबाईंची शाळा देशभर गाजली, आणि ते कौतुक रास्तच होते. पण साक्षर झालेल्या बाईला पुढची पायरी हवी असेल तर काय? ‘उल्लास’च्या कागदावर माध्यमिक स्तरापर्यंतच्या समकक्ष शिक्षणाचा घटक आहे, मात्र त्याची पाच वर्षांची सगळी तरतूद मिळून सुमारे १,०३८ कोटी, तीही देशभरासाठी. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने एकट्या अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी राज्यांच्या वाट्यासह ५९,०४८ कोटींचा पाच वर्षांचा आराखडा मंजूर केला. हा आकडा कमी करावा असे मी चुकूनही म्हणणार नाही. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की प्रौढ माणूस सरकारच्या हिशेबात कुठे बसतो एवढे कळते. दार मात्र उघडले गेले, हे नोंदवले पाहिजे: १ जुलै १९८९ ला नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि बारावी न झालेल्या अठरा वर्षांवरील माणसाला पूर्वतयारी करून पदवीला बसता येऊ लागले.

दारातून आत आलेल्या या माणसाला मदतीचा अर्ज कसा भेटतो? २०१७-१८ मध्ये शिष्यवृत्तीच्या अर्जांसाठी महाडीबीटी पोर्टल आले, पहिल्याच वर्षी रखडले, जुन्या पद्धतीने अर्ज घ्यावे लागले, आणि पुढच्या वर्षी ते नव्या रूपात सुरू झाले. त्यात वैयक्तिक माहितीनंतर पालकांचे पान येते: वडील हयात आहेत का, त्यांचा व्यवसाय काय, ते पगारदार आहेत का. अठरा वर्षांच्या मुलाला हे प्रश्न सरळ आहेत. दोन लेकरांच्या आईला ते विचारले की गुंता सुरू होतो. तिचा जातीचा दाखला वडिलांच्या नावाने, शाळा सोडल्याचा दाखला माहेरच्या नावाने, आधार आणि बँकखाते सासरच्या नावाने, उत्पन्नाचा दाखला नवऱ्याचा. हे सगळे जुळवायला राजपत्र किंवा प्रतिज्ञापत्र, आणि मधल्या वर्षांसाठी गॅपचे आणखी एक. डिंगोऱ्याहून त्यासाठी तहसीलला जुन्नर गाठायचे आणि आदिवासी विकासाच्या योजनेसाठी पार आंबेगावातले घोडेगाव, कारण प्रकल्प कार्यालय तिथे आहे. प्रत्येक खेप म्हणजे एक बुडालेला रोज.

यावर पहिला आक्षेप असा येतो की बहुतेक योजनांना वयाची अटच नाही, मग तक्रार कसली? हे खरे आहे, आणि मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या २०१० च्या नियमांत पत्रद्वारा शिकणाऱ्यालाही फी आणि पुस्तकांचा भत्ता होता, हेही सांगितले पाहिजे. पण वय न विचारता वयस्काला बाहेर ठेवता येते. त्याच नियमांत आई-वडिलांपैकी एक जरी हयात असेल तर उत्पन्न त्यांचेच धरायचे, विवाहित बेरोजगार विद्यार्थिनीच्या बाबतीत नवऱ्याचे, आणि पूर्णवेळ नोकरी असेल तर संपूर्ण अभ्यासक्रमभर बिनपगारी रजा घेतली तरच पात्रता. राजर्षी शाहू शुल्क शिष्यवृत्तीत दूरस्थ आणि अर्धवेळ अभ्यासक्रम वगळलेले, आणि अभ्यासक्रमादरम्यान दोन वर्षांचा खंड चालत नाही. जुलै २०२४ ची मुलींची शुल्कमाफी व्यावसायिक अभ्यासक्रमांना, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून आलेल्यांना. सतरा नंबरने दहावी-बारावी देणारी बाई यांपैकी कुठेच बसत नाही. तिच्या टप्प्यावर योजनाच नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: पैसा मर्यादित आहे, तो कोवळ्या वयावर खर्चला तर परतावा चाळीस वर्षे मिळतो. तर्क बरोबर, पण तो प्रौढाला वसतिगृह आणि निर्वाहभत्ता द्यायचा असेल तर लागू पडतो. इथे मागणी परीक्षा शुल्क, पुस्तके आणि संपर्कवर्गाच्या प्रवासाची आहे. शिवाय अंगणवाडीची बाई शिकली की तिच्या समोर बसलेली पोरे त्याच वर्षी लाभार्थी होतात. तिसरा आक्षेप गैरव्यवहाराचा. शिष्यवृत्तीतल्या घोटाळ्यांसाठी राज्याला २०१६ मध्ये विशेष तपास पथक नेमावे लागले होते, तेव्हा भीती अनाठायी नाही. मात्र बोट दाखवले गेले ते प्रामुख्याने विद्यार्थ्यांच्या नावावर पैसे उचलणाऱ्या संस्थांकडे. सतरा नंबरच्या परीक्षार्थीची फी परीक्षा मंडळानेच सोडून दिली तर पैसा कोणाच्या हातातूनच जात नाही, मग खायचा कोणी?

राहता राहिला उत्पन्नाचा प्रश्न, आणि मला वाटते खरी गाठ तिथे आहे. अमेरिकेत सरकारी विद्यार्थी-मदतीच्या अर्जात चोवीस वर्षे पूर्ण झालेला, विवाहित किंवा स्वतःची मुले सांभाळणारा अर्जदार स्वतंत्र धरला जातो. त्याच्या आई-वडिलांचे उत्पन्न विचारलेच जात नाही. तिथल्या पैशांची बरोबरी आपण करू शकत नाही, पण व्याख्या उसनी घ्यायला पैसे लागत नाहीत. ‘पालक’ या रकान्याऐवजी ‘स्वतः आणि जोडीदार’ असा पर्याय द्यायचा, चोवीस किंवा पंचवीस ही रेघ ओढायची, प्रवेशाआधीचा खंड निकषातून काढायचा आणि मुक्त शिक्षणाला शुल्क योजनेत घ्यायचे. यातल्या पहिल्या तीन गोष्टी राज्याच्या योजनांपुरत्या तरी शासन निर्णयाने आणि पोर्टलवरच्या एका पानाने होतात. चौथीला अर्थ खात्याची संमती लागेल आणि तिथे फाइल अडेल, हे गृहीत धरून पहिल्या तीन आधी करायला हरकत नाही. परदेशी शिक्षणाच्या राजर्षी शाहू शिष्यवृत्तीत पदव्युत्तर शिक्षणाला पस्तीस आणि पीएच.डी.ला चाळीस वर्षांपर्यंत अर्ज करता येतो. म्हणजे वय वाढलेला विद्यार्थी राज्याला अजिबात अमान्य आहे असे नाही, फक्त तो लंडनला निघालेला असावा लागतो.