स्वच्छ नमुना कुठून आणायचा?

प्रदूषण मोजणं हे वरवर पाहता रसायनशास्त्राचं काम. नमुना घ्या, यंत्रात घाला, आकडा वाचा. पण आकडा हातात आला की लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो: हा जास्त म्हणायचा की कमी? आणि कशाच्या तुलनेत? इथे आपण प्रयोगशाळेतून निघून ज्ञानमीमांसेच्या अंगणात येतो. म्हणून आम्ही तत्त्वज्ञानवाले या विषयात नाक खुपसतो आहोत, एवढं समजून घ्या.

एक प्रत्यक्ष घडलेलं प्रकरण घेऊ. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅनडाच्या क्युबेक प्रांतात एरिक दवायी हे सार्वजनिक आरोग्याचे संशोधक आईच्या दुधातलं पीसीबीचं प्रमाण तपासत होते. पीसीबी म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या तेलात, कपॅसिटरमध्ये वापरलं जाणारं एक रसायन, खरं तर रसायनांचं अख्खं कुटुंब. क्युबेकच्या दक्षिण भागात कारखाने, शहरं, वाहतूक. तिथल्या आयांच्या दुधात ते सापडणार हे गृहीतच होतं. पण ‘जास्त’ म्हणायला तुलनेसाठी एक स्वच्छ गट हवा. तो कुठे मिळेल? उत्तरेला नुनाविक नावाचा प्रदेश आहे. इनुइट लोकांची मोजकी गावं, दक्षिणेकडून तिथे जाणारा रस्ता आजही नाही, उद्योगधंद्यांचा तर प्रश्नच नाही. यापेक्षा स्वच्छ जागा कोणती असणार?

निकाल आले तेव्हा नुनाविकच्या आयांच्या दुधात पीसीबी दक्षिणेतल्या आयांच्या सुमारे पाचपट निघालं. 1989 मध्ये ते प्रसिद्ध झालं. ज्याला फूटपट्टी म्हणून हाती घेतलं होतं, तेच सगळ्यात जास्त मळलेलं!

असं का व्हावं? या रसायनांना ‘टिकाऊ सेंद्रिय प्रदूषके’ म्हणतात, इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘पॉप्स’. तीन गुण लक्षात ठेवले तर बाकीचं आपोआप उलगडतं. एक, ती लवकर विघटित होत नाहीत. वर्षानुवर्षं, काही तर दशकानुदशकं तशीच राहतात. दोन, ती पाण्यात फारशी विरघळत नाहीत, चरबीत मात्र विरघळतात. तीन, ती अर्धवट उडणारी आहेत: उष्ण प्रदेशात हवेत चढतात, थंडीत खाली बसतात, पुन्हा ऊन मिळालं की पुन्हा चढतात. नाकतोड्यासारख्या अशा उड्या मारत मारत त्यांचा बराचसा भाग थंड प्रदेशात पोचतो आणि तिथून पुढे हलत नाही. आर्क्टिक प्रदेश हा त्यांचा शेवटचा थांबा.

तिथे ती समुद्रातल्या सूक्ष्मजीवांत शिरतात, त्यांना खाणाऱ्या माशांत, त्या माशांना खाणाऱ्या सीलमध्ये आणि बेलुगा देवमाशात. प्रत्येक पायरीवर खाणारा आयुष्यभर अनेकांना खातो. त्या सगळ्यांच्या चरबीतला साठा त्याच्या एकट्याच्या चरबीत जमा होतो. इनुइट माणूस सील आणि देवमाशाची चरबी खातो. हजारो वर्षं त्या थंडीत त्याला जगवलं आहे ते याच अन्नाने. आपण बोलताना माणसाला या साखळीच्या टोकावर बसवतो, पण ते टोक नव्हे. आईच्या अंगावर पिणारं मूल तिच्याही एक पायरी वर असतं.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पृथ्वीवर स्वच्छ जागाच उरली नसेल तर तुलना कशाशी करायची?

एक उत्तर असं की जागेशी नको, काळाशी करा. आजचा नमुना कालच्या नमुन्यासमोर ठेवा. स्वीडनने हे फार चांगलं केलं. तिथे सोरेन येन्सेन हे रसायनशास्त्रज्ञ 1960 च्या दशकात प्राण्यांमधलं डीडीटी मोजत होते. आलेखात डीडीटीच्या शेजारी काही अनोळखी शिखरं सतत दिसायची. दुसरा एखादा ‘यंत्राचा दोष’ म्हणून पुढे गेला असता. येन्सेन त्यांच्या मागे लागले, आणि 1966 मध्ये त्यांनी सांगितलं की ते पीसीबी आहे. हे निसर्गात केव्हापासून आहे, हे कसं शोधायचं? संग्रहालयात जपून ठेवलेल्या गरुडांची पिसं त्यांनी तपासली. 1944 च्या पिसातही ते सापडलं. स्वतःच्या पत्नीच्या आणि तान्ह्या मुलीच्या केसांतही सापडलं. ती मुलगी मासे खायच्या वयाची नव्हती. तिच्यापर्यंत ते कुठून आलं असेल, हे वेगळं सांगायला नको.

याच देशात स्टॉकहोमच्या आयांचं दूध वर्षानुवर्षं गोठवून ठेवलं गेलं. पुढे 1990 च्या दशकाच्या अखेरीस संशोधकांनी हे जुने नमुने पुन्हा काढून तपासले. डीडीटी आणि पीसीबी उतरत चाललेलं दिसलं, म्हणजे बंदी लागू पडली होती. पण पीबीडीई नावाचं दुसरंच एक कुटुंब 1972 ते 1997 या काळात दर पाच वर्षांनी जवळजवळ दुप्पट होत गेलं होतं. सोफ्यातला फोम, टीव्हीचं प्लास्टिक चटकन पेटू नये म्हणून घातली जाणारी ही रसायनं. 1972 मध्ये दूध गोठवणाऱ्यांच्या मनात हा प्रश्न नव्हता. नमुना आधी होता, प्रश्न नंतर आला. देखरेखीचं हे अंग आम्हांला फार मोलाचं वाटतं, आणि पैसे कमी पडले की नेमकी पहिली कात्री फ्रीजरच्या विजेच्या बिलाला लागते.

‘सापडलं नाही’ या शब्दांविषयीही थोडं बोललं पाहिजे. अहवालात हे वाचलं की आपण ‘नाही’ असं समजतो. आपल्याकडे कुमारिल भट्टांच्या मीमांसेत अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानलं आहे: जमिनीवर घट दिसत नाही, म्हणून घट नाही. पण त्याला अट आहे. घट असता तर तो दिसलाच असता, एवढा उजेड आणि एवढी नजर हवी. अंधाऱ्या खोलीत घट न दिसण्याला काही किंमत नाही. प्रयोगशाळेत या उजेडाला ‘शोधमर्यादा’ म्हणतात. यंत्र ग्रॅमच्या अब्जाव्या भागापर्यंतच पाहू शकत असेल, तर त्याखाली ते आंधळं असतं. आणि येन्सेनसारखं कुणी अनोळखी शिखराकडे पाहिलंच नाही, तर उजेड असूनही घट दिसत नाही. ज्या रसायनाचं नाव यादीत नाही, ते शोधलं जात नाही. आणि जे शोधलं जात नाही, ते अहवालात कधी येत नाही.

याद्यांचा विषय निघालाच आहे. 2001 मध्ये स्टॉकहोम करार झाला, 2004 पासून अमलात आला. सुरुवातीला यादीत 12 रसायनं होती, आता 30 हून अधिक आहेत. वाटाघाटींत इनुइट प्रतिनिधी होते. त्यांनी भेट दिलेलं आई-मुलाचं एक कोरीव शिल्प चर्चेच्या काळात अध्यक्षांच्या टेबलावर असायचं. कराराच्या प्रस्तावनेत आर्क्टिकचा आणि तिथल्या आदिवासी समाजांचा उल्लेख आहे, तो उगीच नाही.

करार लागू पडतो आहे का, हे ठरवायला जगभर एकाच पद्धतीने मोजमाप हवं. त्यासाठी मुख्यतः हवा आणि माणसाचं दूध किंवा रक्त ही माध्यमं निवडली गेली. हवेसाठी महागडं यंत्रच लागतं असं नाही: दोन धातूच्या वाट्यांच्या मध्ये फोमची एक चकती टांगतात आणि काही महिन्यांनी काढून प्रयोगशाळेत नेतात. वीज लागत नाही, त्यामुळे गरीब देशातही चालतं. दुधाची पद्धत याहून विचार करण्याजोगी आहे. प्रत्येक देशातून पहिलटकरणी आया निवडायच्या, साधारण 50. पहिलटकरणीच, कारण अंगावर पाजताना आईच्या शरीरातला साठा कमी होत जातो, मग दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणाची तुलना पहिल्याशी जमत नाही. आकडा द्यायचा तो दुधाच्या ग्रॅममागे नाही, दुधातल्या चरबीच्या ग्रॅममागे. कारण एकाच पाजण्यात आधीचं दूध पातळ आणि शेवटचं दाट असतं. मग सगळ्यांचं दूध सारख्या प्रमाणात एकत्र करून तो एकच नमुना जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या प्रयोगशाळेत पाठवायचा.

सगळं दूध एकत्र केल्यामुळे देशाची सरासरी कळते, आणि कोणत्या आईत किती होतं हे त्या नमुन्यातून कायमचं पुसलं जातं. काहींना हा दोष वाटेल. आम्हांला यात शहाणपण दिसतं. एखाद्या आईला तिचा आकडा सांगून ती काय करणार? तिने हे रसायन तयार केलं नाही, विकत घेतलं नाही, आणि आज ठरवून शरीरातून काढूनही टाकू शकत नाही. घाबरून दूध तोडणं एवढंच तिच्या हातात आहे, आणि ते सगळ्यात वाईट. जागतिक आरोग्य संघटना ही मोजमापं करत असतानाही स्तनपान चालू ठेवा असंच सांगते. दुधाचे फायदे या धोक्यापेक्षा कितीतरी मोठे आहेत. आईच्या दुधात मोजलेला आकडा आईला उद्देशून नसतोच. तो कारखान्यांना, मंत्रालयांना, कराराच्या बैठकीला उद्देशून असतो. वर्तमानपत्रातला मथळा मात्र ‘आईच्या दुधात विष’ असाच येतो. पत्ता चुकवणारा मथळा!

आपल्याकडचा हिशेब आणखी गुंतागुंतीचा आहे. भारताने 2006 मध्ये या कराराला मान्यता दिली. डीडीटीची शेतीतली फवारणी त्याआधीच बंद झाली होती, पण हिवताप आणि काळा आजार पसरवणाऱ्या कीटकांविरुद्ध ते चालू राहिलं. करारातच तशी सवलत आहे. हे डीडीटी रायगड जिल्ह्यात रसायनीला बनत असे. एका बाजूला हिवतापातून वाचलेलं मूल, दुसऱ्या बाजूला दशकांनंतर कुठल्यातरी चरबीत सापडणारं डीडीई, म्हणजे डीडीटीचं उरलेलं रूप. या दोन गोष्टींची बेरीज-वजाबाकी एका मापात होत नाही. पण निदान दुसरी बाजू नियमित मोजलेली असावी, नाहीतर तराजूच्या एका पारड्यात आकडे आणि दुसऱ्यात नुसता अंदाज राहतो.

नुनाविकमध्ये पुढे काय झालं? गरोदर बायकांच्या रक्तातलं पीसीबी आणि डीडीई 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपासून बरंच खाली आलं आहे. काही अंशी बंदीमुळे, काही अंशी खाणं बदलल्यामुळे. दोहोंचा वाटा वेगळा काढणं सोपं नाही. तेवढ्यात पीएफएएस या नव्या कुटुंबातली काही रसायनं तिथे उर्वरित कॅनडापेक्षा जास्त आढळू लागली. आरोग्य खात्याने लोकांना सीलची शिकार सोडून दुकानातला माल खा असं सांगितलं नाही. विमानाने येणारा तो माल महाग, आणि पोषणात कमी. त्याऐवजी गरोदर बायकांना आर्क्टिक चार नावाचा मासा पुरवण्याची योजना निघाली. तो तिथलाच, सगळ्यांच्या आवडीचा, आणि साखळीत सील-देवमाशाच्या बराच खालचा.