रविवार लोखंडेंचा, मंगळवार बिबट्याचा

म्हैसूरहून हुणसूरच्या रस्त्याला लागलं, की शहर संपता संपता हिनकल येतं. २०२० पर्यंत ही ग्रामपंचायत होती, मग हूटगळ्ळी नगरसभेत गेली. रिंगरोडच्या चौकात उड्डाणपूल, पलीकडे हेब्बाळची औद्योगिक वसाहत आणि त्या वसाहतीत इन्फोसिसचं तीनशेहून जास्त एकरांवर पसरलेलं प्रशिक्षण केंद्र. कित्येक मराठी इंजिनिअर पोरापोरींचा पहिला पगार याच पत्त्यावर झाला. कामगारांच्या हक्कांच्या गमतीजमती शोधायला ही जागा वाटते त्यापेक्षा बरी आहे.

पाहुणा बिबट्या

३१ डिसेंबर २०२४, मंगळवार. पहाटे या केंद्राच्या आवारात बिबट्या दिसला. वनखात्याची माणसं आली, पिंजरे आले, ड्रोन उडाले. कर्मचाऱ्यांना निरोप गेला की आज घरूनच काम करा, आणि वसतिगृहातल्या प्रशिक्षणार्थींना खोल्यांतच थांबायला सांगितलं. ना मोर्चा, ना निवेदन, ना सही! बिबट्यानं एका फेरीत वर्ग बंद पाडले.

आठवड्याच्या सुट्टीसाठी मात्र भारतातल्या कामगाराला सहा वर्षं लागली. नारायण मेघाजी लोखंडे मुंबईच्या एका गिरणीत स्टोअरकीपर होते, जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधू’चे संपादक. १८८४ साली परळच्या सुपारीबागेत त्यांनी गिरणी कामगारांची सभा भरवली आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन तयार केलं. मागण्या आज वाचल्या तर कसनुसं होतं: आठवड्यातून रविवारी सुट्टी द्या, दुपारी अर्धा तास जेवायला द्या, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत द्या, कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार द्या. पंधरा तारीख ही मागणी होती, म्हणजे प्रत्यक्षात पगार केव्हा होत असेल याचा अंदाज करा.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनी भाषणं केली. १८९० साली, दहा हजारांपुढे! आणि १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली. पंचांग उघडून पाहा, तोही वार मंगळवारच होता.

याच लोखंड्यांनी त्याच वर्षी मुंबईच्या न्हाव्यांची सभा भरवली. विधवांचं केशवपन करायचं नाही, असं न्हाव्यांनी तिथं ठरवलं. पगारवाढीसाठी संप सगळेच करतात. दुसऱ्याच्या डोक्यावरचे केस वाचवायला हत्यार खाली ठेवणारे कारागीर विरळाच.

पुण्याची तक्रार, हिनकलशेजारचा वाद

इन्फोसिस जन्मली पुण्यात, १९८१ साली, सुधा मूर्तींनी साठवलेल्या दहा हजार रुपयांवर. त्याआधी सुधाताईंनी स्वतःच नोकरीच्या हक्काचा एक किस्सा घडवला होता. टेल्कोच्या जाहिरातीत ‘स्त्रियांनी अर्ज करू नये’ असं छापलेलं पाहून त्यांनी थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड टाकलं. मुलाखतीचं बोलावणं आलं, नोकरी मिळाली आणि टेल्कोला शॉप फ्लोअरवरची पहिली स्त्री इंजिनिअर मिळाली. एका पोस्टकार्डात काम झालं, युनियन लागली नाही. प्रत्येकाचं पोस्टकार्ड जेआरडींपर्यंत पोचत नाही, म्हणून युनियन लागते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये तेच दिसलं. म्हैसूरच्या केंद्रातून तीनशेहून जास्त प्रशिक्षणार्थींना घरी पाठवलं गेलं. तीन संधी देऊनही अंतर्गत परीक्षा पास झाले नाहीत, असं कंपनीचं म्हणणं. आकडा सातशेच्या घरात आहे, असं ‘नाइट्स’ या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेचं म्हणणं. आणि ही संघटना कुठली? पुण्याची! तिनं तक्रार केली दिल्लीला, केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे. मंत्रालयानं पत्र धाडलं बेंगळुरूला, आणि तिथल्या कामगार खात्याचे अधिकारी आले म्हैसूरला. तक्रारीनं अर्धा देश पालथा घातला. शेवटी प्रशिक्षणार्थी हे नियमित कर्मचारी नाहीत, त्यामुळे कायदा मोडलेला नाही, असं राज्याच्या खात्याचं मत पडल्याच्या बातम्या आल्या. माझ्या मते गोम इथेच आहे. आधी माणसाला ‘कामगार’ म्हणायचं की नाही हे ठरतं, हक्कांचं नंतर.

सत्तर, अठ्ठेचाळीस आणि एक लाड

तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं, असं इन्फोसिसचे नारायण मूर्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये म्हणाले आणि देशभर गदारोळ झाला. पुढच्याच वर्षी कर्नाटकात आयटीवाल्यांचा दिवस १४ तासांपर्यंत ताणायचा प्रस्ताव आला. ‘किटू’ ही २०१७ साली नोंदलेली राज्यातली आयटी कर्मचारी युनियन रस्त्यावर उतरली. प्रस्ताव कंपन्यांकडून आलाय, असं कामगारमंत्र्यांनीच सांगून टाकलं. हे कामगारमंत्री संतोष लाड, धारवाडकडच्या कलघटगीचे आमदार आणि मराठा समाजातले.

आपल्या कारखान्यांत आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला तो १९४६ च्या कायदादुरुस्तीनं. व्हाइसरॉयच्या मंडळात कामगार खातं सांभाळताना ते विधेयक मांडणारे होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. घटनेचे शिल्पकार म्हणून त्यांना सगळे ओळखतात. शिट्टी वाजल्यावर घरी जाणाऱ्यानं त्यांची ही दुसरी ओळखही लक्षात ठेवायला हरकत नाही.

कॅनडात छापखाना, मुंबईत गिरणी

कामाच्या तासांवरून तिकडे कॅनडातही भांडण झालं, आणि तिथं युनियन कायदेशीर झाली ती एका राजकीय खोडीतून. मार्च १८७२ मध्ये टोरोंटोच्या छापखान्यांतल्या जुळाऱ्यांनी नऊ तासांच्या दिवसासाठी संप केला. ‘ग्लोब’ वर्तमानपत्राचे मालक जॉर्ज ब्राऊन उदारमतवादी पक्षाचे बडे पुढारी, पण संपाच्या पुढाऱ्यांना त्यांनी अटक करवली, कारण युनियन करणं तेव्हा कायद्यानं कटच ठरत होतं. पंतप्रधान जॉन मॅकडोनाल्ड हुजूरपक्षाचे, ब्राऊन यांचे हाडवैरी. त्यांनी संधी साधली आणि जूनमध्ये युनियन कायदेशीर करणारा कायदाच आणला. उदारमतवाद्यानं कामगार आत टाकले, हुजूरपक्षीयानं सोडवले! आपल्याकडे असा कायदा यायला १९२६ साल उजाडलं. त्यासाठी कायदेमंडळात चिवटपणे मागे लागलेले ना. म. जोशी लोअर परळच्या रस्त्याच्या पाटीवर रोज दिसतात, पण ते कोण, हे तिथल्या चकचकीत कचेऱ्यांत विचारून बघा.

१९१९ साली विनिपेगमध्ये तीस हजार कामगारांनी शहर बंद पाडलं. सुरुवात कुणी केली? सकाळी सात वाजता पाळी संपवून उठलेल्या टेलिफोन ऑपरेटर मुलींनी. त्यांना लोक ‘हॅलो गर्ल्स’ म्हणत. मुंबईच्या कामगारांनी त्याच्या अकरा वर्षं आधी याहून कल्पक हिशेब मांडला होता. जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तर गिरण्या सहा दिवस बंद. वर्षाला एक दिवस.

आता डॉक्टरांची गंमत. कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतात टॉमी डग्लस या पाद्र्यानं समाजवादी पक्षाला सत्तेवर आणलं आणि सगळ्यांना सरकारी खर्चानं औषधोपचार, ही कल्पना रुजवली. १ जुलै १९६२ ला योजना सुरू झाली आणि त्याच दिवशी डॉक्टर संपावर गेले, २३ दिवस! आमच्याकडे उलट. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख गिरणी कामगार ज्यांच्या शब्दावर बाहेर पडले, ते दत्ता सामंत घाटकोपरचे डॉक्टर. तो संप रीतसर मागे घेतला असं कुणी कधी जाहीर केलंच नाही. गिरण्यांच्या जागी मॉल आले, तरी कागदोपत्री संप चालूच आहे म्हणायचा.

डग्लस यांना २००४ मध्ये टीव्हीवरच्या मतदानात ‘सर्वांत थोर कॅनडियन’ निवडलं गेलं. त्यांचा नातू म्हणजे ‘ट्वेंटीफोर’ मालिकेतला किफर सदरलँड. त्या मालिकेच्या आठव्या पर्वात चेंबूरचा अनिल कपूर होता, म्हणजे नातं शेवटी चेंबूरला येऊन पोचलं.

अंगठा

म्हैसूर संस्थानातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत १९३० साली मोठा संप झाला. कारण? नोंदणीसाठी बोटांचे ठसे घ्यायचा नवा नियम. आज आपण रोज सकाळी यंत्रावर बोट टेकवतो आणि यंत्रानं ओळखलं नाही तर पुन्हा पुसून टेकवतो.

हमालाकडून डिलिव्हरीवाल्याकडे

हिनकलच्या चौकात रात्री जेवणाचे डबे घेऊन उभी असलेली पोरं कर्नाटकच्या २०२५ च्या गिग कामगार कायद्यात येतात. कंपनीनं प्रत्येक फेरीच्या मोबदल्यावर १ ते ५ टक्के रक्कम कल्याण मंडळात भरायची आणि कामावरून काढायचं तर १४ दिवस आधी नोटीस द्यायची. मालक अनेक, काम तुटक, म्हणून मंडळ नेमा आणि प्रत्येक कामामागे पैसे वसूल करा, ही युक्ती जुनी आहे. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईच्या माथाड्यांना संघटित केलं आणि महाराष्ट्रानं १९६९ साली माथाडी कायदा केला, तेव्हा हेच सूत्र वापरलं. व्यापारी मजुरीवर लेव्ही भरतो, मंडळ हमालाला पगार, फंड आणि बोनस देतं. गोणी गेली, पाठीवर चौकोनी पिशवी आली, कायद्याचं डोकं तेच राहिलं.

आणखी एक, खिशातलं. हिनकलला शिकून हिंजवडीला बदली झालेल्यांच्या पगारातून दरमहा २०० रुपये व्यवसायकर कापला जातो. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेसाठी, म्हणजे दुष्काळी गावातल्या मजुराला हक्कानं काम देण्यासाठी, महाराष्ट्रानं १९७५ साली हा कर बसवला. वर्षाचे अडीच हजार भरायला फेब्रुवारीत २०० च्या जागी ३०० कापतात. तेव्हा फेब्रुवारीची पगाराची पावती आली, की हिशेबनीसाला फोन करण्याआधी एवढं आठवा.