मासेमारी नौकेचे इंजिन : सुटे भाग आणि सुरू करण्यापूर्वीची तपासणी

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर दरवर्षी १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांच्या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीस बंदी असते. सातपाटीपासून मिरकरवाड्यापर्यंतच्या बंदरांतील नौका या दिवसांत किनाऱ्यावर ओढून, शाकारून ठेवलेल्या किंवा खाडीच्या आडोशाला नांगरलेल्या दिसतात. जाळी दुरुस्त होतात, फळ्यांच्या फटी बुजविल्या जातात, रंगाचा नवा हात फिरतो. नारळी पौर्णिमेला सागराची पूजा होते आणि हंगामाला खरा प्रारंभ होतो. या साऱ्या लगबगीत नौकेचा जो भाग डोळ्यांआड असतो, त्या इंजिनाकडे मात्र कित्येकदा सर्वांत शेवटी लक्ष जाते.

रस्त्यावर मालमोटार बंद पडली, तर ती कडेला घेता येते. समुद्रात कडा नाही. इंजिन थांबले की नौकेची गती जाते, आणि गती गेली की सुकाणूही निरुपयोगी होते. नौका लाटांना आडवी होते. तळाशी झिरपणारे पाणी उपसणारा पंप इंजिनावर चालत असेल, तर तोही थांबतो. बॅटरी भारित होणे बंद पडते आणि बिनतारी यंत्र उरलेल्या भारावर जेमतेम काही काळ चालते. शीतकप्प्यातील बर्फ वितळू लागतो तो निराळाच. अशा वेळी नौकेवरील खलाशांचे प्राण, तांडेलाचे कौशल्य आणि मालकाने काढलेले कर्ज ही सारी एखाद्या रबरी चाकावर किंवा डिझेलमधील पेलाभर पाण्यावर अवलंबून असतात.

समुद्राच्या पाण्याचा मारा

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. काही इंजिनांत हे पाणी थेट इंजिनाभोवती फिरवून ते थंड ठेवले जाते. काहींत आतून गोडे पाणी फिरते व समुद्राचे पाणी केवळ उष्णता विनिमयकाच्या नळ्यांतून जाते. तिसऱ्या प्रकारात गोडे पाणीच नौकेच्या तळाबाहेर बसविलेल्या नळ्यांतून फिरून थंड होते. पहिल्या प्रकारात गंज सर्वांत लवकर धरतो आणि इंजिन अधिक तापले तर क्षारांचे पुट आतून चढते. त्यामुळे पाण्याची वाट अरुंद होते व इंजिन आणखी तापते.

पहिल्या दोन्ही प्रकारांत समुद्राचे पाणी खेचून घेणाऱ्या पंपात लवचीक पाकळ्यांचे एक रबरी चाक असते. कारागीर त्याला इंपेलर म्हणतात. पाणी हेच या चाकाचे वंगण होय. पाण्याची झडप बंद असताना इंजिन सुरू केले, तर कोरडे फिरणारे हे चाक थोड्याच वेळात होरपळून जाते. शिवाय दोन महिने एकाच जागी दबून राहिलेल्या पाकळ्या वाकलेल्याच राहतात. म्हणून नौका शाकारतानाच चाक काढून ठेवावे आणि हंगामाच्या आरंभी नवे बसवावे. जुने चाक काढताना त्याच्या पाकळ्या मोजाव्यात. एखादी तुटलेली आढळली, तर तिचा तुकडा पुढे कोठे तरी, बहुधा विनिमयकाच्या तोंडाशी, अडकलेला असतो. तो शोधून काढल्याशिवाय नवे चाक बसविणे म्हणजे काम अर्धेच करणे होय.

विनिमयकात जस्ताची एक कांडीही बसविलेली असते. खाऱ्या पाण्यात दोन भिन्न धातू एकत्र आले, की त्यांतील एक झिजू लागतो. जस्त स्वतः झिजून पितळ व तांबे यांना वाचविते. ही कांडी निम्मी झिजली की बदलावी. तळाला बसविलेल्या जस्ताच्या ठोकळ्यांवर रंग लावण्याची चूक अनेक ठिकाणी होते. रंग लागला की जस्ताचे काम थांबते आणि झीज पंख्यावर व शाफ्टवर येते. संरक्षण नसलेल्या पितळेतील जस्त खाऱ्या पाण्यात हळूहळू निघून जाते, धातू गुलाबी व ठिसूळ होतो. अशी गुलाबी छटा आलेली झडप हाताने फिरविताना मोडू शकते.

दिसायला सारखे, गुणाने वेगळे

आपल्याकडील अनेक नौकांवरील इंजिने मूळची मालमोटारींची असून सागरी वापरासाठी त्यांत फेरबदल केलेले असतात. त्यामुळे सुटे भाग शहराच्या मोटार बाजारातून आणण्याची प्रथा पडली आहे. ती सर्वस्वी चुकीची आहे असे म्हणता येणार नाही. पिस्टनची कडी, बेअरिंग, झडपा किंवा तेलाचा फिल्टर हे इंजिनाच्या आतील भाग बहुधा दोन्हीकडे एकच असतात, मात्र भागाचा क्रमांक जुळला पाहिजे. भेद सुरू होतो तो पाण्याशी संबंध येणाऱ्या भागांपासून. इंजिनाच्या कुशीतील गोल बुचे मोटारीत पोलादाची चालतात. सागरी इंजिनात ती पितळेची किंवा काशाची असतात. पंपाचा दांडा व सील, धुराच्या नळीभोवतीचे पाण्याचे आवरण, तेल थंड करणारी नळकांडी हे भागही असेच निराळे.

याचे कारण केवळ क्षार नव्हे. खंडाळ्याचा घाट चढणाऱ्या मालमोटारीला माथ्यावर विसावा मिळतो आणि वाटेत वारा लागतो. नौकेचे इंजिन बंदिस्त खणात, एकाच भारावर, तासन् तास चालते. मोटारीत वर्षभर टिकणारी रबरी नळी तेथे काही महिन्यांत फुगते. डिझेलची नळी तर आगीला काही काळ तरी तोंड देईल अशाच प्रतीची असावी. फुटलेल्या नळीतून उडालेले डिझेल धुराच्या तप्त नळीवर पडले, तर खणातच आग लागते.

नळ्यांवरील पट्ट्यांविषयी एक साधी युक्ती सांगण्याजोगी आहे. बाजारात गंजरहित म्हणून विकल्या जाणाऱ्या पट्ट्यांत कित्येकदा पट्टी तेवढी चांगली असते, स्क्रू मात्र साध्या पोलादाचा असतो. चुंबक लावून पाहावा. पट्टीला न चिकटणारा चुंबक स्क्रूला घट्ट चिकटला, तर ती पट्टी घेऊ नये. पाण्याच्या पातळीखालील प्रत्येक नळीला टोकाशी दोन पट्ट्या असाव्यात आणि प्रत्येक झडपेजवळ तिच्या तोंडात बसेल अशी मऊ लाकडाची निमुळती खुंटी दोरीने बांधून ठेवावी. खुंटीचा खर्च जवळजवळ शून्य आहे.

लाकडी नौका पुन्हा पाण्यात गेल्यावर फळ्या पाणी पितात व सांगाडा किंचित आकार बदलतो. म्हणून इंजिन आणि शाफ्ट यांची सरळ रेष नौका दोन दिवस पाण्यात राहिल्यावरच तपासावी. जोडाच्या दोन तबकड्यांमधील फट सर्व बाजूंनी सारखी हवी. तबकडीच्या व्यासाच्या दर इंचास एक हजारांश इंचाहून, कारागिरांच्या भाषेत एका 'थाऊ'हून, अधिक फरक नसावा. शाफ्ट जेथून नौकेबाहेर जातो तेथील ग्लँड अगदी कोरडी करण्याचा हट्टही धरू नये. शाफ्ट फिरत असता तेथून दर मिनिटाला काही थेंब पडलेच पाहिजेत. ते पाणीच ग्लँडमधील दोरीला थंड ठेवते.

बंदर सोडण्यापूर्वीची दहा मिनिटे

दररोजच्या तपासणीस दहा मिनिटे पुरतात. प्रथम इंजिनाच्या खणाचे झाकण उघडून वारा खेळू द्यावा. नौकेवर स्वयंपाकाचा गॅस वापरला जात असेल, तर हे अत्यावश्यक आहे. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर तळाशी साचून राहतो व एका ठिणगीने पेट घेतो. मग तळातील पाणी पाहावे. ते रोजच्यापेक्षा अधिक आहे काय, त्यावर तेलाचा तवंग आहे काय, यावरून पुष्कळ गोष्टी कळतात.

तेल मोजण्याची कांडी पुसून, पुन्हा घालून पाहावी. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. तेल कमी झाले तर सर्वांच्या लक्षात येते. वाढले तर पुष्कळांना ते सुचिन्ह वाटते! वस्तुतः तेल आपोआप वाढत नसते. त्यात डिझेल किंवा पाणी मिसळत असले पाहिजे. तेलाचा रंग दुधाच्या चहासारखा झाला असेल, तर पाणी शिरले आहे हे निश्चित समजून इंजिन मुळीच सुरू करू नये.

डिझेल गाळणाऱ्या भांड्याच्या तळाचा स्क्रू सैल करून स्वच्छ डिझेल येईपर्यंत पाणी सोडून द्यावे. पावसाळ्यात अर्धवट भरलेल्या टाकीत दमट हवेचे पाणी होते, डिझेल व पाणी यांच्या सीमेवर सूक्ष्म जंतू वाढतात आणि त्यांचा काळपट चिकट गाळ पहिल्या उधाणात ढवळून फिल्टरमध्ये येतो. इंजिन बंदरात ठीक चालले आणि खोल समुद्रात थांबले, या तक्रारीमागे अनेकदा हेच कारण असते.

गोड्या पाण्याची पातळी इंजिन थंड असतानाच पाहावी. पट्टा मध्यावर अंगठ्याने दाबला असता सुमारे अर्धा इंच दबावा. बॅटरीची टोके घट्ट व कोरडी असावीत. समुद्राच्या पाण्याची झडप उघडी आहे, जाळीत शेवाळ किंवा प्लॅस्टिक अडकलेले नाही, आणि गियर मोकळा आहे, एवढे पाहून मगच कळ दाबावी.

कळ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा अधिक दाबू नये. ज्या नौकांत थंड करून झालेले पाणी धुराच्या नळीतून बाहेर जाते, तेथे इंजिन सुरू न होता वारंवार फिरविले गेले, तर ते पाणी नळीत साठून सिलिंडरमध्ये उलटते. अशा प्रसंगी झडप बंद करावी आणि इंजिन पेटताक्षणी उघडावी. सुरू झाल्यावर काही सेकंदांतच तेलाचा दाब आला पाहिजे आणि बाहेर पडणारे पाणी दिसले पाहिजे. दोहोंपैकी एकही न आढळल्यास इंजिन तत्काळ बंद करावे. दोर सोडण्यापूर्वी गियर एकदा पुढे व एकदा मागे टाकून पाहावा.

नौकेवरील पेटी

सुट्या भागांची पेटी कोरडी व हाताशी असावी. तिच्यात रबरी चाक त्याच्या गॅस्केटसह, डिझेलचे दोन फिल्टर, पट्टा, योग्य मापाची नळी व पट्ट्या, तपासून घेतलेला एक इंजेक्टर, उच्च दाबाची एक नळी, तांब्याच्या चकत्या, ग्लँडची दोरी आणि पाच लिटर तेल इतके तरी असावे. मात्र भाग जवळ असणे पुरेसे नाही. फिल्टर बदलल्यावर आत शिरलेली हवा हातपंपाने काढून टाकता आली नाही, तर नव्या फिल्टरचा उपयोग होत नाही. हे काम नौकेवरील किमान दोघांना, बंदरात प्रत्यक्ष करून, आले पाहिजे. मत्स्यव्यवसाय विभागाच्या प्रशिक्षण केंद्रांतून नौकानयनाबरोबर सागरी डिझेल इंजिनाची देखभाल व परिचालन हा विषयही शिकविला जातो. तरुण खलाशांनी त्याचा लाभ घ्यावा.

इंजिनावरील पट्टीवर कोरलेला नमुना व अनुक्रमांक एका वहीत लिहून ठेवावा आणि त्याच वहीत चाललेले तास, तेल बदलल्याची तारीख, बदललेल्या भागाचा क्रमांक यांची नोंद करावी. वापरलेल्या तेलात आम्ले साचलेली असतात. म्हणून मे महिन्यात नौका शाकारण्यापूर्वीच तेल बदलून, डिझेलची टाकी काठोकाठ भरून ठेवणे इष्ट. वहीवरून पुढील हंगामासाठी लागणाऱ्या भागांची यादी त्याच वेळी आपल्या सहकारी संस्थेकडे द्यावी. पन्नास नौकांची मागणी एकत्र गेली, तर अस्सल भाग मिळविणे संस्थेला सोपे जाते आणि जुलैच्या अखेरीस, बाजारात सर्वांचीच धावपळ चालू असता, भाग कपाटात तयार असतात.