शहराच्या उशाशी हर्सूल

दिल्ली दरवाजातून उत्तरेला निघालेला रस्ता हर्सूल, सावंगी, चौका, फुलंब्री, सिल्लोड अशी गावे घेत अजिंठ्याकडे आणि तिथून जळगावला जातो. लेणी पाहायला निघालेल्या पाहुण्याला हर्सूल क्वचितच आठवते. आठवलेच तर कारागृहाची भिंत आणि टी पॉइंटवरची वाहतूक. छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या वस्तीतल्या माणसाला मात्र हर्सूल म्हटले की तीन गोष्टी एका दमात सुचतात : तलाव, देवी आणि जेल. या तिन्हींशी शहराचा संबंध जुना आहे आणि तिन्हींमध्ये देणारे हर्सूल आहे.

कोणत्याही उपनगराची माहिती मागितली की कार्यालयातून गरजांची यादी हाती येते. पाणी किती दिवसांआड येते, ड्रेनेज कुठे नाही, कोणत्या गल्लीत दिवे नाहीत. ही यादी खोटी नसते. हर्सूलचीही तशी यादी आहे आणि ती लहान नाही. पण त्या कागदावर हर्सूलजवळ काय आहे, याची एकही ओळ नसते. चारशे वर्षे या शहराने ज्या गावाच्या शिवारावर तहान भागवली, त्या गावाची ओळख केवळ उणिवांनी व्हावी, हे मला पटत नाही. म्हणून हा लेख उलट्या बाजूने मोजायला बसला आहे.

पहिली मोजणी पाण्याची. जटवाड्याच्या डोंगरात उगम पावणारी खाम नदी हर्सूलजवळून शहरात उतरते, जुन्या तटबंदीच्या पश्चिम अंगाने छावणीकडे जाते आणि पुढे गोदावरीला मिळते. उत्तरेचा डोंगर उंच, दक्षिणेचे शहर सखल. हा उतार मलिक अंबरने ओळखला. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि निजामशाहीचा वजीर झालेला हा माणूस. १६१० मध्ये त्याने खडकी या गावी, म्हणजे आजच्या शहराच्या जागी, राजधानी वसवली, तेव्हा त्याच्यापुढचा पहिला प्रश्न पाण्याचाच होता. इथे वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही तीन-चार महिन्यांत उरकतो. खाम काही बारमाही नाही. पण नदीचे पात्र कोरडे दिसले तरी काठाच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत पाणी असते. ते झिरपणारे पाणी जमिनीखालच्या दगडी बोगद्यात गोळा करून केवळ उताराच्या बळावर शहरात आणायचे, ही नहर-ए-अंबरीची कल्पना. १६१७-१८ च्या सुमारास ती प्रत्यक्षात आली. तिची सुरुवात याच हर्सूलच्या बाजूची.

या कामाची बुद्धिमत्ता शांतपणे समजून घ्यावी अशी आहे. बोगदा जमिनीखाली असल्यामुळे पाणी उन्हात आटत नाही आणि सहसा घाणही होत नाही. वाटेत ठरावीक अंतरांवर मनुष्य उतरू शकेल अशी तोंडे ठेवली, म्हणजे गाळ काढता येतो. उंचसखल भागात हवा कोंडून पाणी अडू नये म्हणून जागोजागी बंबे उभारले. चुन्यात बांधलेले हे मनोरे कोंडलेल्या हवेला वाट देत आणि पाण्याचा दाबही आवरून धरत. तिथून खापरी नळांनी पाणी हौदांत, मशिदींत, वाड्यांत आणि सार्वजनिक कारंज्यांत खेळवले जाई. ना इंजिन, ना वीज. आज शहराचे मुख्य पाणी पैठणच्या जायकवाडी धरणातून पन्नासेक किलोमीटरवरून, चढावर उपसून आणावे लागते; पंप बंद पडले की शहर कोरडे. दोन्हींची तुलना सरळ करता येणार नाही, कारण मलिक अंबरच्या खडकीत लाखोंची वस्ती नव्हती. पण उतारावरून आपोआप येणारे पाणी सोडून चढावरच्या पाण्यावर सगळा भार टाकल्याची किंमत इथले लोक टँकरच्या रांगेत मोजतात.

नहर-ए-अंबरीनंतर पुढच्या दोन शतकांत आणखी नहरी झाल्या. बेगमपुऱ्यातला थत्ते हौद अशाच एका नहरीवरचा. सर्वांत प्रसिद्ध पाणचक्की. ही पाणचक्की बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात आहे. तिचे पाणीही याच उत्तरेच्या डोंगरी पट्ट्यातल्या झऱ्यावरून नळांनी येते, भिंतीवर उंच चढते आणि तिथून पडून जात्याचा दगड फिरवते. त्या जात्यावर फकीर, यात्रेकरू आणि पाहुण्यांसाठी पीठ दळले जाई. तिकीट काढून पाणचक्की पाहणाऱ्यांना ही धार कुठून निघाली हे सांगणारा एक फलक हर्सूलच्या बाजूलाही हवा, असे मला मनापासून वाटते. नहरीचा शेवट स्मारक होतो आणि तिचा आरंभ शेताच्या बांधात हरवून जातो.

हर्सूलचा तलाव ही याच साखळीतली पुढची कडी. जुन्या शहराच्या काही वॉर्डांना आजही या तलावाचे पाणी मिळते. पावसाळ्यात तो किती भरला ही स्थानिक वर्तमानपत्रांची दरवर्षीची बातमी असते आणि सांडव्यावरून पाणी पडू लागले की माणसे मुलाबाळांना घेऊन पाहायला जातात. जायकवाडीसमोर हा तलाव अगदी लहान. तरीही जुन्या शहरासाठी तो जवळचा, स्वस्त आणि दुसरा आधार आहे. एकाच दूरच्या धरणावर विसंबलेल्या शहराला दुसरा आधार असणे म्हणजे काय, हे उन्हाळ्यात जलवाहिनी फुटल्यावर कळते.

खामचे नशीब मात्र मधल्या काळात फार वाईट झाले. शहरात शिरताच ती नाला म्हणून ओळखली जाऊ लागली. २०२० नंतर महापालिका, छावणी परिषद, व्हॅरॉक फाउंडेशन आणि इकोसत्त्व यांनी मिळून खाम पुनरुज्जीवनाचे काम हाती घेतले. कचरा उपसला गेला, काठ सावरले गेले, लोखंडी पुलाजवळ इको पार्क उभे राहिले. वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटच्या शहरांसाठीच्या रॉस पुरस्काराच्या अंतिम पाच प्रकल्पांत या कामाची निवड झाली. शहरात केलेली स्वच्छता टिकायची असेल तर वरच्या अंगाला, म्हणजे हर्सूल-जटवाड्याच्या ओढ्यांत काय सोडले जाते आणि डोंगरउतारावर किती खोदकाम होते, यावरच अखेर सगळे ठरणार आहे.

आता जरा शहराच्या बाकीच्या वस्त्यांकडे वळू, कारण हर्सूल त्यांच्याशिवाय समजत नाही. हे शहर पुऱ्यांचे. मुघल छावणीबरोबर आलेल्या राजपूत सरदारांनी आपापली वसाहत केली आणि त्यांची नावे पुऱ्यांना राहिली. बिकानेरच्या राजा कर्णसिंहाचा कर्णपुरा, पद्मसिंहाचा पदमपुरा, मिर्झाराजा जयसिंगाचा जयसिंगपुरा, बुंदीच्या भावसिंहाचा भावसिंगपुरा. कर्णपुऱ्यात आज तुळजाभवानीची नवरात्र यात्रा भरते आणि सगळे शहर तिथे लोटते. भावसिंगपुऱ्याच्या परिसरात आंबेडकरी चळवळीच्या वस्त्या रुजल्या. राजाबाजारचा संस्थान गणपती ग्रामदैवत मानला जातो. तिथून शहागंजचा घड्याळ मनोरा पायी गाठता येतो. नागसेनवनात १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मिलिंद महाविद्यालय सुरू केले. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ आले आणि दीर्घ लढ्यानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी त्याच्या नावात बाबासाहेबांचे नाव आले. २०११ च्या जनगणनेत पावणेबारा लाखांच्या या शहरात साधारण निम्मे हिंदू, तीस टक्क्यांच्या आसपास मुस्लिम आणि पंधरा टक्क्यांच्या आसपास बौद्ध होते. इतक्या मोठ्या प्रमाणात या तिन्ही समाजांचे एकत्र राहणे महाराष्ट्रातल्या फार थोड्या शहरांत दिसते. दंगलींच्या बातम्यांत ही गोष्ट झाकली जाते. पण छावणीचा गुरुवारचा बाजार आणि जाफर गेटचा रविवारचा बाजार या माणसांना दर आठवड्याला एकाच तराजूपाशी आणतात.

दिल्ली दरवाजा ते हर्सूल हा पट्टा या वैविध्याचा उत्तरेकडचा हात. दरवाजाबाहेर पडताच सलीम अली सरोवर. जुने नाव खिजरी तलाव. स्थलांतरित पक्ष्यांमुळे त्याला थोर पक्षितज्ज्ञांचे नाव मिळाले. समोर हिमायतबाग. मुघल काळातली ही बाग आज परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडे आहे आणि तिथे फळ संशोधन केंद्र चालते. ‘प्रतिष्ठान’ ही चिंचेची जात या केंद्राची देणगी. जवळच रौजाबागेत डॉ. रफिक झकेरिया यांनी १९६३ मध्ये मौलाना आझाद महाविद्यालय उभे केले. मराठवाड्यातल्या कित्येक मुस्लिम मुलींच्या घरातली पहिली पदवी या आवारातून आली. तळे, बाग आणि महाविद्यालय, तिन्ही एकमेकांना लागून. एखाद्या वस्तीला याहून मोठे भांडवल काय हवे?

पुढे हर्सूल गाव. ते शहराच्या आधीचे आणि अजून मनाने गावच आहे. गावात हरसिद्धी मातेचे मंदिर आहे; नवरात्रात तिची यात्रा भरते. कर्णपुऱ्याच्या यात्रेला गर्दी अधिक, हर्सूलच्या यात्रेला आपलेपण अधिक. पहाटे अंधारात बायाबापड्या जाधववाडी, हडको, मयूर पार्क अशा नव्या वसाहतींतून अनवाणी हर्सूलकडे चालत निघतात. विदर्भ-खानदेशातून नोकरीसाठी आलेल्या, सिडको-हडकोच्या घरांत स्थिरावलेल्या कुटुंबांना या मातीशी बांधणारे नाते अशा चालण्यातूनच तयार होते. नगररचनेच्या नकाशात या वाटेला नाव नसते. पण रस्ता रुंद करताना, दुभाजक टाकताना, दिवे लावताना तिचा विचार झाला नाही तर म्हाताऱ्या माणसांनाच त्रास होतो. अजिंठा रस्त्याच्या रुंदीकरणात हर्सूलने घरांच्या ओट्या-पडव्या दिल्या आहेत. निदान पायी चालणाऱ्यांची बाजू तरी तिथे नीट राखली जावी.

जेलविषयी शहर कुजबुजत बोलते. हर्सूलचे मध्यवर्ती कारागृह हे मराठवाड्यातले सर्वांत महत्त्वाचे कारागृह. बाहेर मुलाखतीसाठी आलेली माणसे ताटकळत असतात : दूरच्या तालुक्यातून रात्रीच्या एसटीने आलेली आई, कडेवर पोर घेतलेली बायको, वकिलाचा कागद सांभाळणारा भाऊ. शिक्षा आत भोगली जाते तशी दारातही भोगली जाते. या माणसांना बसायला सावली, प्यायला पाणी आणि अर्ज भरून द्यायला एखादा जाणता माणूस मिळणे, एवढ्या साध्या गोष्टींनी त्यांचा दिवस बदलतो. मला विचाराल तर हर्सूलची खरी सार्वजनिक संस्था कारागृहाच्या भिंतीबाहेर उभी राहायला हवी.

जाधववाडीची बाजार समिती ही या पट्ट्याची अर्थव्यवस्था. भल्या पहाटे भाजीपाल्याचे टेम्पो, हमाल, आडते आणि अडीअडचणीला उसने देणारी माणसे तिथे एकत्र येतात. फुलंब्री-सिल्लोडच्या शेतकऱ्याला शहराचे दार म्हणजे हाच मोंढा. आणि शहराचे मागचे दारही याच बाजूला आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगावकरांनी वर्षानुवर्षांची दुर्गंधी सोसणे नाकारले आणि तिथला शहराचा कचरा डेपो बंद पाडला. रस्तोरस्ती कचरा साचला, कचरा टाकण्यावरून मिटमिट्यात संघर्ष पेटला. पुढे चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल आणि कांचनवाडी इथे प्रक्रिया प्रकल्प ठरले. ही चारही नावे शहराच्या कडेची आहेत. १९८२ मध्ये महापालिका स्थापन होताना अशी भोवतालची खेडी शहरात आली. सुविधा त्यांच्यापर्यंत उशिरा पोहोचल्या, पाणी घेणे आणि कचरा देणे मात्र वेळेवर झाले. प्रक्रिया प्रकल्पाला माझा विरोध नाही. कचरा जिरवावाच लागेल. पण जे गाव तलाव सांभाळते त्याच गावात कचरा येत असेल, तर प्रकल्पाच्या सांडपाण्याची आणि वासाची तपासणी गावकऱ्यांच्या डोळ्यांदेखत व्हायला हवी.

अमेरिकेत जॉन मॅकनाइट आणि जॉन क्रेट्झमन यांनी १९९३ मध्ये वस्त्यांच्या अभ्यासाची एक पद्धत मांडली. गरीब वस्तीत जाऊन दारिद्र्य, बेकारी, गुन्हे मोजण्याआधी तिथली कसबी माणसे, मंडळे, प्रार्थनास्थळे, मोकळ्या जागा आणि शाळा मोजाव्यात, असे त्यांचे म्हणणे. नुसत्या उणिवा मोजल्या की वस्तीतली माणसेही स्वतःला याचक समजू लागतात. या विचारात एक धोकाही आहे : लोकांकडे एवढे आहे ना, मग सरकारने हात झटकले तरी चालेल, असा अर्थ काढणारे निघतात. हर्सूलबाबत तो काढता येणार नाही. इथली बहुतेक संपत्ती सामायिक आहे आणि सामायिक गोष्ट राखायला सत्तेचा हात लागतोच.

आपल्याकडे यासाठी नवा कायदा करायची गरज नाही. जैविक विविधता कायदा २००२ चा आहे. त्यानुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. बऱ्याच ठिकाणी ही नोंदवही कुणा संस्थेकडून लिहून घेतली जाते आणि कपाटात जाते. हर्सूलची वही गावात बसून लिहिली गेली तर काय काय येईल! तलावावर हिवाळ्यात उतरणारे पक्षी, गाळपेरातली पिके, मासेमारांना ठाऊक असलेल्या माशांच्या जाती, शिवारातल्या जुन्या चिंचा आणि आंबे, गुरे चारण्याच्या वाटा. तिला नहरीची एक पुरवणी जोडावी : नहरीचे कोणते तोंड कुणाच्या शेतात आहे, कोणता बंबा कोणत्या घराच्या भिंतीत गेला, कोणत्या विहिरीला मे महिन्यातही पाणी टिकते. ही माहिती आज म्हाताऱ्या शेतकऱ्यांच्या, विहीर खणणाऱ्या वडारांच्या आणि पाणीपुरवठ्याच्या जुन्या कर्मचाऱ्यांच्या डोक्यात आहे. लिहून घेतली नाही तर ती त्यांच्याबरोबर जाईल.

आणि ही पुरवणी विकास आराखड्याच्या नकाशावर उतरली पाहिजे. जमिनीखालची नहर दिसत नाही, म्हणून तिच्यावर पाया खणला जातो, बोअर मारला जातो, ड्रेनेजचा पाइप टाकला जातो. एकदा फुटलेल्या बोगद्यातून सांडपाणी आत शिरले की खालच्या प्रत्येक हौदापर्यंत ते पोहोचते. नहरीचा मार्ग आणि तिच्या दोन्ही बाजूंचा ठरावीक पट्टा आराखड्यात अधिकृतपणे रेखला गेला, तर बांधकाम परवानगी देणाऱ्या अभियंत्याला तो निदान पाहावा लागेल. सुरुवात हर्सूलच्या शिवारातून करता येईल, कारण मोकळी जमीन अजून तिथेच थोडी उरली आहे. हर्सूल ते दिल्ली दरवाजा एवढ्या टप्प्याचे मोजमाप महापालिकेचे भूमापक, विद्यापीठाच्या इतिहास विभागाचे विद्यार्थी आणि गावातले जाणते मिळून दिवाळीनंतरच्या कोरड्या महिन्यांत सुरू करू शकतात. पाऊस थांबल्यावर बोगद्याची तोंडे उघडून आत पाहता येते.