विंडोजचा गेम लिनक्सवर: पोर्ट की दुभाष्या?

मंडळी, ओझरला माझ्या मावसभावाचा जुना लॅपटॉप विंडोज 11 घेत नाही आणि 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. लिनक्स टाकू म्हटलं, तर याचा पहिला प्रश्न: "दादा, गेम्सचं काय?"

आधी पोर्ट म्हणजे काय, ते ओझरच्या भाषेत सांगतो. इथल्या एचएएलमध्ये बनलेलं सुखोई-30 एमकेआय मूळचं रशियन, पण आपल्या हवाई दलासाठी आतली बरीच यंत्रणा बदललेली. खरा पोर्ट तसाच. सोर्स कोड घ्यायचा, नव्या सिस्टिमसाठी पुन्हा बांधायचा. 'डूम'चा कोड 1997 ला खुला झाला, म्हणून तो आज कशावरही चालतो.

पण कोड खुला नसेल तर? पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा 'राजी' घ्या. तो मी प्रोटॉनवर खेळलो. प्रोटॉन व्हॉल्व्हने 2018 मध्ये आणला, 1993 पासून चालत आलेल्या वाइनवर बेतलेला. हा दुभाष्या. गेम विंडोजकडे जे मागतो, ते हा लिनक्सला कळेल असं करून देतो. डायरेक्टएक्सचे कॉल व्हल्कनमध्ये बदलतो. प्रोसेसर तोच, त्यामुळे इम्युलेटरइतका भार पडत नाही. सुरुवातीला शेडर तयार होताना थोडं अडखळतं, तेवढं चालवून घ्या.

भावाचा जीव मात्र व्हॅलोरंटमध्ये! तो नाही चालत. त्याचं अँटी-चीट थेट विंडोजच्या कर्नलमध्ये बसतं, तिथे दुभाष्याला शिरकाव नाही.

म्हणून ड्युअल बूट केलं. विंडोज फक्त व्हॅलोरंटपुरतं; नेट बँकिंग आणि कॉलेजची कामं लिनक्सवर.